मिठाचे पाणी आणि पेरणीचे बी

(साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यासमोर तीन वस्तू मांडल्या आहेत. एक तराजू, दोन सारखे तांबे आणि एक कोंबडीचे अंडे. शिवाय एका परातीत मीठ आहे. मीठ तर घरोघरी असते. त्यात नवे काय सांगणार, असे कुणाच्या मनात आले असेल. पण याच मिठाने पेरणीचे बी निवडता येते. खाण्याच्या बाजरीतला विषारी दाणा वेगळा काढता येतो. मात्र त्यासाठी मीठ किती आणि पाणी किती, याचा हिशेब नीट ठेवावा लागतो. तो चुकला, तर केलेली मेहनत वाया जाते. असा हिशेब एकदा आमच्याच हातून चुकला होता. ती गोष्टही आम्ही आज सांगणार आहोत.

दोन तांब्यांची गोष्ट

हे दोन्ही तांबे एक-एक लिटरचे आहेत. रिकामे असताना दोघांचे वजन सारखे भरते. एका तांब्यात आम्ही विहिरीचे साधे पाणी काठोकाठ भरले. दुसऱ्यात मिठाचे पाणी काठोकाठ भरले. हे मिठाचे पाणी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून केले आहे. आता दोन्ही तांबे तराजूच्या दोन पारड्यांत ठेवतो. बघा, कोणते पारडे खाली गेले?

मिठाच्या पाण्याचे. दोन्ही तांबे तेवढेच मोठे आणि तेवढेच भरलेले आहेत. तरीही एक जड आहे आणि एक हलका. एक लिटर साध्या पाण्याचे वजन १ किलो भरते. या मिठाच्या पाण्याच्या एका लिटरचे वजन सुमारे १ किलो १२० ग्रॅम भरते.

असे का व्हावे? मीठ पाण्यात विरघळले म्हणजे दिसेनासे होते, पण ते नाहीसे होत नाही. त्याचे वजन पाण्यात तसेच राहते. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो. त्यात २ किलो मीठ घातले. एकूण वजन १२ किलो झाले. यात काही हरवले नाही. आता बादलीतले पाणी किती वर चढले ते बघा. ते १२ लिटर झाले का? नाही. ते सुमारे १० लिटर ७०० मिलिलिटर झाले. म्हणजे वजन वाढले २ किलोने, पण पाण्याची जागा पाऊण लिटरनेही वाढली नाही. मिठाचे बारीक कण पाण्याच्या कणांत मिसळून दाटीने बसले. थोड्या जागेत जास्त वजन मावले. म्हणून एका लिटरचे वजन वाढले.

एसटीच्या गाडीचे उदाहरण घ्या. सकाळी गाडीत वीस माणसे असतात. यात्रेच्या दिवशी त्याच गाडीत साठ माणसे बसतात. गाडी तेवढीच, पण वजन वाढले. ठरलेल्या जागेत किती वजन मावले आहे, याला शास्त्रात घनता म्हणतात. पाण्यात मीठ किती प्रमाणात आहे, त्याला तीव्रता म्हणतात. आणि मीठ विरघळलेल्या पाण्याला द्रावण म्हणतात. हे तीन शब्द पाटीवर लिहून घ्या. द्रावणाची तीव्रता वाढली की त्याची घनता वाढते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

किती मिठाला किती वजन?

आता हे आकडे वाचा. प्रत्येक वेळी पाणी १० लिटर घेतले आहे. एका लिटर द्रावणाचे वजन समोर दिले आहे. आकडे थोड्याफार फरकाचे आहेत. पाणी गरम-गार असले की त्यात किंचित बदल होतो.

मीठ मुळीच नाही — १ किलो
मीठ ३०० ग्रॅम — १ किलो २० ग्रॅम
मीठ १ किलो — १ किलो ६४ ग्रॅम
मीठ २ किलो — १ किलो १२० ग्रॅम
मीठ ३ किलो — १ किलो १७० ग्रॅम
मीठ साडेतीन किलोच्या थोडे वर — १ किलो २०० ग्रॅम

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, पहिल्या किलोने वजन ६४ ग्रॅमनी वाढले, पण दुसऱ्या किलोने त्याहून थोडे कमी वाढले आणि तिसऱ्याने आणखी कमी. कारण मीठ घालत गेले की पाण्याची जागाही थोडी थोडी वाढते. एक लिटर मोजून घेतले की वाढलेल्या पसाऱ्याचा एक हिस्साच हाती येतो. तेव्हा मीठ दुप्पट घातले म्हणून वाढही दुप्पट होईल, असे धरून चालू नये.

दुसरी गोष्ट अशी की, साडेतीन किलोच्या थोडे पुढे गेल्यावर मीठ विरघळतच नाही. कितीही ढवळा, ते तळाशी बसते. पाणी मिठाने तृप्त झाले, असे आपण म्हणू. कोकणातल्या मिठागरात हेच घडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफ्यात ते पाणी उन्हाने आटते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. द्रावण दाट दाट होत जाते. शेवटी पाण्यात मावेनासे झाले की मीठ खाली बसते. मग ते फावड्याने ओढून काढतात. हेच मीठ पूर्वी घाट चढून आपल्या देशावर येत असे.

बुडणे आणि तरंगणे

आता हे अंडे घ्या. अंडे ताजे आहे. साध्या पाण्यात सोडले. बुडाले. १० लिटरला १ किलो मीठ असलेल्या पाण्यात सोडले. तरी बुडाले. आता १० लिटरला २ किलो मीठ असलेल्या पाण्यात सोडतो. बघा, अंडे वर आले. रुपयाच्या नाण्याएवढा त्याचा माथा पाण्याबाहेर दिसतो आहे.

अंडे तेच. त्याचे वजनही तेच. बदलले ते पाणी.

नियम साधा आहे. वस्तू पाण्यात जेवढी जागा घेते, तेवढ्या जागेतले पाणी वस्तूपेक्षा हलके असेल, तर वस्तू बुडते. पाणी वस्तूपेक्षा जड असेल, तर वस्तू तरंगते. कृष्णेकाठची पोरे पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकत. भोपळा आतून पोकळ, म्हणून हलका. तो बुडत नाही आणि पोरालाही बुडू देत नाही. परदेशात मृत समुद्र नावाचे एक खारे सरोवर आहे. त्याच्या एका लिटर पाण्याचे वजन १ किलो २४० ग्रॅमच्या आसपास भरते. तिथे माणूस भोपळ्यावाचून तरंगतो. बुडी मारायची म्हटली तरी जमत नाही.

मंडळी, इथे आपल्या कामाची गोष्ट सुरू होते. भरलेला दाणा जड असतो. पोचट दाणा, किडका दाणा, रोगट दाणा हलका असतो. साध्या पाण्यात दोघेही बुडतात, कारण दोघेही पाण्याहून जडच आहेत. पण पाणीच असे केले की ते रोगट दाण्याहून जड आणि चांगल्या दाण्याहून हलके असेल, तर रोगट दाणा वर येईल आणि चांगला तळाशी राहील. मीठ घालून आपण पाण्याची एक चाळणी तयार करतो. सुपाला आणि चाळणीला जो फरक दिसत नाही, तो फरक हे पाणी ओळखते.

बाजरीचा अरगट

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे दैव एकच. १९६० सालापर्यंत सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा असेच नाव होते. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे कमी पावसाचे तालुके. तिथे बाजरीवर घर चालते. पश्चिमेकडे पाटण, जावळी, शिराळा. तिथे पाऊस धो धो आणि भाताची खाचरे. मिठाचे पाणी या दोघांच्याही कामाचे आहे.

बाजरीला अरगट नावाचा रोग पडतो. ही एक बुरशी आहे. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, पावसाळी हवा असली की तो पसरतो. आधी कणसातून मधासारखा चिकट रस गळू लागतो. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी तयार होतात. मळणीत या गाठी बाजरीत मिसळतात. त्या बियाबरोबर शेतात गेल्या, तर पुढच्या साली रोगाला घर मिळते. त्या पिठात गेल्या, तर माणसाला बाधतात. मळमळते, उलट्या होतात, चक्कर येते, गुंगी येते. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. लोकांना वाटे, काही करणी झाली, काही दृष्ट लागली. खरे कारण भाकरीतच होते.

यावर शेतीखात्याचा उपाय असा आहे: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. यालाच २० टक्के मिठाचे द्रावण म्हणतात. त्यात बी ओतावे आणि ढवळावे. वर तरंगणाऱ्या गाठी आणि पोचट दाणे काढून टाकावेत.

भाताला हीच रीत, पण मीठ कमी: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. म्हणजे ३ टक्के द्रावण. भाताच्या दाण्यावर टरफल असते आणि पोचट दाण्यात हवा असते. तो थोड्याशा मिठानेही वर येतो. जपानमध्ये योकोई तोकियोशी या शेतीशास्त्रज्ञाने १८८२ साली मिठाच्या पाण्यात भाताचे बी निवडण्याची रीत बसवली. तिकडे पाणी पुष्कळ दाट करतात, कारण त्यांच्या भाताच्या जाती निराळ्या आणि त्यांची निवड कडक. आपण आपल्याकडे सांगितलेले प्रमाण पाळावे. बाजरीचे प्रमाण भाताला आणि भाताचे बाजरीला लावू नये.

आमची चूक

आता ती कबूल केलेली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका गावी आम्ही असेच बोलायला गेलो होतो. पेरणी तोंडावर आली होती. लोक घाईत होते. आम्हीही घाईत होतो. आम्ही सांगितले, "बादलीभर पाण्यात दोन किलो मीठ टाका, काळे दाणे वर येतील." टाळ्या झाल्या, चहा झाला आणि आम्ही परतलो.

तीन दिवसांनी त्या गावी पुन्हा गेलो. वर्गात येणारी एक बाई वाट बघत उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी म्हनला काळं दानं वर येत्याल. माझ्यात तर तळालाच बसल्यात की वो!"

आम्ही म्हणालो, "मीठ कमी पडले असेल."

"दोन किलोची पुडीच फोडली. मोजून घातलं."

"मग पाणी?"

तिने बादली आणली. आम्ही काही बोलायच्या आत तिने ती पालथी घातली. बुडाला कारखान्याचा छाप होता. तिने त्यावर बोट ठेवले आणि अडखळत वाचले, "एक... पाच... पंधरा." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "ही पंधराची बादली हाय. तुमची कितीची हुती?"

आमची १० लिटरची होती. पण तसे आम्ही सांगितलेच नव्हते. आम्ही 'बादली' म्हणालो होतो. १५ लिटर पाण्यात २ किलो मीठ घातले, तर एका लिटरचे वजन सुमारे १ किलो ८४ ग्रॅमच भरते. हवे होते १ किलो १२० ग्रॅम. ३६ ग्रॅमचा फरक. तेवढ्यानेच काही काळ्या गाठी वर न येता खाली राहिल्या. १५ लिटरला मीठ किती लागले असते? तिनेच बोटांवर हिशेब केला. दहाला दोन, तर पाचाला एक. म्हणजे ३ किलो. आणखी एक किलो मीठ घातले, ढवळले आणि बी पुन्हा ओतले. काळे दाणे वर आले. तिचे बी वाचले.

पण गावात पंधराच्या बादल्या अनेक घरांत होत्या. आम्ही त्याच संध्याकाळी घरोघर फिरलो. काहींनी तोवर पेरले होते. जमिनीत गेलेले बी परत काढता येत नाही. त्यांना आम्ही काय सांगणार? आमच्या तोंडच्या एका ढिल्या शब्दाने त्यांचा एक दिवस आणि दोन किलो मीठ वाया गेले आणि रोगट गाठी शेतात गेल्या. त्या लोकांनी आम्हांला बोल लावला नाही. पण आम्ही स्वतःला लावला. तेव्हापासून आम्ही 'बादली' म्हणत नाही. 'लिटर' म्हणतो.

सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा पुष्कळ म्हातारे विचारत, "आता या वयात आकडे शिकून काय करायचे?" त्या बाईने बादलीच्या बुडाचा आकडा वाचला. आमच्यासारख्या शिकलेल्यांना जे सुचले नाही, ते तिने पाहिले. आम्हांला वाटते, त्या प्रश्नाला हे उत्तर पुरे आहे.

कसे करावे?

आता रीत नीट ऐका.

हे घरच्या बियाण्यासाठी आहे. पिशवीतून विकत आणलेल्या प्रमाणित बियाण्याला आधीच औषध लावलेले असते. ते मिठाच्या पाण्यात घालू नये.

पाणी मापाने घ्या. मीठ तराजूने घ्या. एकरी दीड-दोन किलो बाजरी लागते. तेवढ्याला १० लिटर द्रावण भरपूर झाले. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तळाशी खडे राहिले, तर वरचे पाणी कमी खारट राहते आणि हिशेब चुकतो. मग अंडे सोडून बघा. रुपयाएवढा माथा वर दिसला की पाणी तयार. अंडे मात्र ताजे हवे. शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढते. ते कमी मिठाच्या पाण्यातही वर येते आणि आपल्याला फसवते. अंड्याची ही खूण बाजरीच्या पाण्यासाठी आहे. भाताच्या पाण्यात मीठ कमी असते, तिथे अंडे बुडणारच.

बी थोडे थोडे ओता आणि हाताने हलवा. म्हणजे दाण्याला चिकटलेली हवा सुटते. नाही तर चांगला दाणाही हवेच्या बुडबुड्यावर वर येतो. वरचे सारे काढून घ्या. उशीर करू नका, कारण बी पाणी पिऊ लागले की हलके-जड कळत नाही. तळाचे बी उपसून स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. मग सावलीत वाळवा.

धुणे का महत्त्वाचे? कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे भगिनींना ठाऊक आहे. मीठ पाण्याला ओढून घेते. बियाला मीठ लागून राहिले, तर जमिनीतली ओल बियात शिरायला अडचण होते. बी उगवत नाही, किंवा उशिरा उगवते. बी निवडायचे आणि उगवण घालवायची, असा उलटा व्यवहार होईल.

दुसरा घाणा त्याच पाण्यात करायचा असेल, तर ओले, धुतलेले बी त्यात घालू नका. पाणी पातळ होते. अंडे पुन्हा सोडून बघा. माथा कमी दिसला, तर थोडे मीठ वाढवा.

वर आलेले दाणे कोंबडीला घालू नका, गुरांना घालू नका. जाळा किंवा खोल पुरा. उरलेले मिठाचे पाणी शेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते गुरांच्या तोंडी लागू देऊ नका.

खाण्याच्या बाजरीत काळ्या गाठी दिसल्या, तरी हाच उपाय करता येतो. मात्र नंतर बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन कडक वाळवावी, मगच दळावी.

जमिनीतले मीठ

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मिरज, वाळवा, पलूस या भागांत कृष्णाकाठच्या काही काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उसाला पाणी हवे, म्हणून पाटाने आणि पंपाने पाणी सोडत राहिले. निचरा झाला नाही. खालचे पाणी वर चढले. ऊन लागून पाणी उडाले आणि क्षार मागे राहिले. मिठागरात जे मुद्दाम करतात, तेच शेतात नकळत झाले. जमिनीतल्या पाण्याची तीव्रता वाढली आणि मुळांना ते पाणी घेता येईना. पाणी समोर असून पीक तहानलेले राहिले. पाणी मोजून द्यावे आणि चर काढून निचरा करावा, हे त्याचे औषध आहे. त्याविषयी पुढच्या खेपेला सविस्तर बोलू.

आज एवढेच सांगतो. तुमच्या घरी गेल्यावर बादली पालथी घाला. तिच्या बुडाला काही आकडा आहे का ते बघा. नसेल, तर लिटरच्या मापाने एकदा मोजा आणि खिळ्याने खूण करून ठेवा. पेरणीच्या दिवशी ती खूण उपयोगी पडेल.

ध्यानात ठेवा

१. मीठ पाण्यात दिसेनासे होते, पण त्याचे वजन जात नाही.
२. तीव्रता वाढली की घनता वाढते.
३. बाजरीला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. भाताला १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ.
४. तळाचे बी दोन-तीन वेळा धुवावे.

उत्तरे लिहा

१. तुमची बादली किती लिटरची आहे? तिला बाजरीसाठी किती मीठ लागेल?
२. अंडे साध्या पाण्यात का बुडाले आणि मिठाच्या पाण्यात का तरंगले?
३. भाषण देणाऱ्यांची चूक कोणती? ती कुणी दाखवली?